खड्डा बुजवण्याआधी मोजा : नागपूरच्या खड्डे-भरपाई समितीला खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त, नागपूर महानगरपालिका
आणि
मा. सचिव, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, नागपूर

विषय : खड्ड्याची मोजणी, पुराव्याची जपणूक आणि वाहनाच्या नुकसानीचे दावे

महोदय / महोदया,

मुंबई उच्च न्यायालयाने १३ ऑक्टोबर २०२५ रोजी खड्डे आणि उघड्या मॅनहोलमुळे होणाऱ्या अपघातांबद्दल आदेश दिला. महापालिकेच्या हद्दीतल्या अशा अपघातांची भरपाई ठरवण्याचे काम त्यात आपणा दोघांच्या समितीवर सोपवले आहे. मृत्यू झाला तर वारसांना ६ लाख रुपये, जखमीला दुखापतीच्या स्वरूपाप्रमाणे ५० हजारांपासून अडीच लाखांपर्यंत. घटना घडल्यावर पोलीस ठाण्याने ४८ तासांत समितीला कळवायचे, माहिती मिळाल्यावर सात दिवसांत समितीने बसायचे, पुढे किमान दर पंधरा दिवसांनी. दावा आल्यापासून सहा ते आठ आठवड्यांत पैसे द्यायचे, नाही दिले तर ९ टक्के व्याज आणि अधिकाऱ्यांवर वैयक्तिक जबाबदारी. खड्डा कळला की ४८ तासांत तो दुरुस्त करायचा, हेही त्याच आदेशात आहे.

हे पत्र लिहिणाऱ्यांत गॅरेजवाले आहेत, मोटार विम्याचे सर्व्हे करणारे आहेत, ग्राहक आयोगात आणि दिवाणी न्यायालयात असे दावे चालवणारे वकील आहेत आणि डांबरी रस्त्यांच्या कामावर उभे राहिलेले अभियंतेही आहेत. आम्हा सगळ्यांचे एका गोष्टीवर एकमत आहे. खड्ड्याचा दावा पडतो तो कायद्याअभावी क्वचितच. त्या दिवशी, त्या जागी, तेवढा खोल खड्डा होता हे दाखवणारा कागद नसतो, म्हणून तो पडतो. माणूस दवाखान्यात किंवा गाडी गॅरेजमध्ये असते आणि तोवर खड्ड्यात डांबर पडलेले असते. ४८ तासांचा नियम योग्यच आहे आणि तो कडक पाळला जावा. पुराव्यासाठी खड्डा उघडा ठेवा, असे कोणी म्हणणार नाही. पण दुरुस्ती जितकी लवकर होईल तितका पुरावाही लवकर जाईल. म्हणून आमची पहिली आणि सर्वांत मोठी मागणी ही, की खड्डा बुजवायला जाणाऱ्या गँगने फावडे मारण्याआधी तो मोजावा, त्याचे फोटो काढावेत आणि ती नोंद ज्याला हवी त्याला मिळावी.

हे काम पाच मिनिटांचे आहे. खड्ड्यावर आडवी सरळ लाकडी पट्टी किंवा ॲल्युमिनियमची पाटी ठेवायची. तिच्या दोन्ही टोकांना शाबूत रस्त्याचा आधार हवा. मग पट्टीच्या खालच्या कडेपासून सर्वांत खोल जागेपर्यंत टेप सोडायचा. नुसता टेप खड्ड्यात उभा धरून फोटो काढला तर कुठून मोजले हे कळत नाही आणि समोरचा पक्ष त्यावर बोट ठेवतो. पाणी साचलेले असेल तर काठी बुडवून ओली खूण मोजायची आणि पाणी होते अशी नोंद करायची, कारण पाण्याने झाकलेला खड्डा चालकाला दिसत नाही आणि ‘समोर बघून चालवायला हवे होते’ या युक्तिवादाला तिथेच उत्तर मिळते. रुंदी आडवी मोजायची, लांबी वाहतुकीच्या दिशेने. ही लांबी बहुतेक लोक सोडून देतात. दहा इंची चाकाची स्कूटर जिथे पूर्ण आत जाते, त्याच खड्ड्यावरून कारचे मोठे चाक अर्धवट तरंगत निघून जाते. कोणत्या वाहनाला कोणता खड्डा घातक ठरला हे ठरवायला ही लांबी लागते.

खोलीइतकीच महत्त्वाची खड्ड्याची कड. बशीसारखा उतरत गेलेला १०० मिमीचा खड्डा गाडीला हादरा देतो. पण ६० मिमीच खोल आणि कड उभी, तुटकी असेल तर रिम वाकते. भारतीय रस्ते काँग्रेसच्या आयआरसी:८२ या संहितेत साधारण २५ मिमी खोल आणि २०० मिमी रुंद खड्डा लहान समजतात आणि ५० मिमीपेक्षा खोल व ५०० मिमीपेक्षा रुंद तो मोठा. ही वर्गवारी नोंदीत जरूर घ्यावी, पण ‘कड : उभी / उतरती’ असा एक रकाना त्यासोबत असावा. आमच्या मते भरपाईच्या प्रश्नात हाच रकाना निर्णायक ठरेल.

फोटो तीन हवेत. एक लांबून, ज्यात दुकानाची पाटी, विजेच्या खांबाचा क्रमांक किंवा मेट्रोच्या पिलरचा क्रमांक दिसेल. वर्धा रोड, कामठी रोड, सीए रोड, हिंगणा रोड या चारही बाजूंना मेट्रोचे पिलर आहेत आणि त्यांवरचे आकडे लांबून वाचता येतात. ‘अमुक चौकाजवळ’ असे लिहिण्यापेक्षा पिलरचा आकडा लिहिला की जागेचा वाद मिटतो. दुसरा फोटो मधल्या अंतरावरून, खड्डा कोणत्या लेनमध्ये आहे ते दिसेल असा. तिसरा जवळून, पट्टी आणि टेपसह. जागेचे अक्षांश-रेखांश आणि वेळ फोटोवर उमटवणारे कॅमेरा ॲप वापरावे. नागरिकांना आपण एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी : व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की तो दाबून लहान होतो आणि त्यातली मूळ माहिती निघून जाते. फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा, मूळ फाइल फोनमध्ये तशीच ठेवावी. प्रकरण न्यायालयात गेले तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खाली प्रमाणपत्र लागते आणि मूळ फाइल हाताशी असली की ते देणे सोपे जाते.

आता रस्ता कोणाचा, हा प्रश्न. नागपुरात मनपा, नासुप्र (नागपूर सुधार प्रन्यास), एनएमआरडीए (नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), सार्वजनिक बांधकाम विभाग, राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण, महामेट्रो, शिवमडक्यापासून पुढे समृद्धी महामार्गावर एमएसआरडीसी (राज्य रस्ते विकास महामंडळ), हिंगणा आणि बुटीबोरीत एमआयडीसी, कामठीत छावणी परिषद असे अनेक धनी आहेत. शहरातून जाणाऱ्या जुन्या महामार्गांचा कोणता तुकडा कोणाकडे, गुंठेवारीतल्या ले-आउटचा रस्ता नासुप्रचा की मनपाचा, हे तिथे वीस वर्षे राहणाऱ्यालाही सांगता येत नाही. मग तक्रार एका दारात जाते, ‘आमच्या अखत्यारीत नाही’ म्हणून परत येते आणि दिवस जातात. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ६(३) प्रमाणे चुकीच्या कार्यालयात आलेला अर्ज पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडे पाठवावा लागतो. समितीने खड्ड्याच्या दाव्यांना हीच रीत लावावी. दावा कोणत्याही झोन कार्यालयात आला तरी स्वीकारावा, पोच द्यावी आणि रस्ता दुसऱ्याचा असेल तर पुढे पाठवण्याचे काम अर्जदाराच्या गळ्यात न टाकता कार्यालयाने करावे. लक्ष्मीनगर, धरमपेठ, हनुमाननगर, धंतोली, नेहरूनगर, गांधीबाग, सतरंजीपुरा, लकडगंज, आशीनगर आणि मंगळवारी या दहाही झोनमध्ये रस्त्यांची मालकी रंगाने दाखवणारा नकाशा भिंतीवर लावला, तर निम्मी पायपीट तिथेच संपेल.

तोवर नागरिकाने काय करावे, तेही इथेच लिहितो. राष्ट्रीय महामार्ग असेल तर १०३३ वर फोन किंवा ‘राजमार्गयात्रा’ ॲपवर फोटोसह तक्रार. मनपाचा रस्ता असेल तर मनपाच्या तक्रार प्रणालीवर आणि शिवाय झोनच्या सहायक आयुक्तांच्या नावे दोन प्रतींत लेखी अर्ज, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख. ॲपवरचा तक्रार क्रमांक पुरेसा वाटतो, पण तक्रार ‘बंद’ झाली की काही प्रणालींत जुना तपशील दिसेनासा होतो. म्हणून क्रमांकाचा आणि स्थितीचा स्क्रीनशॉट त्याच दिवशी काढून ठेवावा. या पोचेचे मोल दुहेरी आहे. पुढच्या आठवड्यात त्याच खड्ड्यात दुसरा कोणी पडला, तर ‘आम्हाला माहीतच नव्हते’ हे म्हणणे टिकत नाही आणि ४८ तासांचे घड्याळ कधी सुरू झाले हे त्या शिक्क्यावरून ठरते.

दुखापत झाली असेल तर सर्वांत मोठी चूक दवाखान्याच्या पहिल्या कागदावर होते. मेडिकल असो, मेयो असो की खासगी रुग्णालय, डॉक्टर विचारतात ‘काय झाले?’ आणि नातेवाईक घाईत सांगतात ‘गाडीवरून पडला’. तेवढेच लिहिले जाते. पुढे महिन्याने दावा करताना खड्ड्याचा उल्लेख पहिल्यांदा येतो आणि तो नंतर रचलेला वाटतो. ‘अमुक रस्त्यावर खड्ड्यात चाक गेल्याने पडला’ असे पूर्ण वाक्य एमएलसीत, म्हणजे रुग्णालयाच्या मेडिको-लीगल नोंदीत, यायला हवे, वाचून खात्री करायला हवी. पोलीस ठाण्यातही तसेच. जबाबात खड्ड्याची जागा नसेल तर पडणाऱ्याच्याच निष्काळजीपणाची नोंद उरते. समितीने पोलीस आयुक्तांना विनंती करून घटनास्थळाच्या पंचनाम्यात खड्ड्याची खोली, रुंदी, लांबी आणि कड या चार रकान्यांचा समावेश करून घ्यावा. ४८ तासांत समितीकडे येणारी सूचना तेव्हाच उपयोगाची ठरेल.

आता वाहनांच्या नुकसानीकडे येतो, कारण आमच्याकडे सर्वांत जास्त माणसे याच कारणाने येतात आणि रिकाम्या हाताने परत जातात. उच्च न्यायालयाच्या आदेशातली रक्कम जीव आणि दुखापत यांसाठी आहे. वाकलेली रिम, फुटलेले ऑइल चेंबर, तुटलेला शॉकअप यांसाठी त्यात दर ठरलेला नाही. याचा अर्थ हक्क नाही असा होत नाही. रस्ता नीट ठेवणे हे कर्तव्य आहे आणि चांगले रस्ते मिळणे हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग आहे, असे उच्च न्यायालयाने, हा आदेश ज्या जनहित याचिकेत दिला तिच्यातच, याआधीही म्हटले आहे. पण आज वाहनधारकासमोर सोपी वाट नाही आणि ती आपण काढू शकता.

आजच्या वाटा अशा आहेत. मनपाविरुद्ध दिवाणी दावा करायचा तर महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४८७ प्रमाणे आधी एक महिन्याची लेखी नोटीस द्यावी लागते आणि दावा कारण घडल्यापासून सहा महिन्यांच्या आत दाखल करावा लागतो. ही सहा महिन्यांची मुदत बहुतेकांना ठाऊक नसते. नुकसानीच्या दाव्याला भरपूर वेळ असतो या समजुतीत लोक पत्रव्यवहार करत बसतात आणि सातव्या महिन्यात वकिलाकडे येतात. शासनाच्या खात्याविरुद्ध, म्हणजे सार्वजनिक बांधकाम विभाग वगैरे, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० खाली दोन महिन्यांची नोटीस लागते. टोल भरलेल्या रस्त्यावर नुकसान झाले असेल तर टोलची पावती किंवा फास्टॅगचा उतारा हा पैसे देऊन सेवा घेतल्याचा पुरावा आहे आणि जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. शहरातल्या साध्या रस्त्यासाठी ग्राहक म्हणून उभे राहणे अवघड जाते, कारण कर म्हणजे सेवेचा मोबदला नव्हे असे उत्तर मिळते. शिवाय रस्त्याच्या दोषामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आले तर मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीतले कलम १९८-अ ठेकेदाराला आणि जबाबदार यंत्रणेला एक लाख रुपयांपर्यंत दंड सांगते. तो दंड मात्र मोटार वाहन अपघात निधीत जमा होतो, वाहनधारकाच्या हाती येत नाही.

वीस हजारांच्या बिलासाठी कोणी दिवाणी न्यायालयात जात नाही. म्हणून विमा. आणि विम्याने खड्ड्याचे पूर्ण पैसे मिळतात हा गैरसमज आहे. फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर स्वतःच्या गाडीचा एक रुपयाही मिळत नाही आणि शहरातल्या असंख्य जुन्या दुचाकींवर तेवढाच विमा असतो. पूर्ण विमा असला तरी टायर-ट्यूबचे नुकसान एकट्याने झाले असेल तर ते धरत नाहीत. गाडीच्या इतर भागांनाही त्याच वेळी मार बसलेला असेल तरच टायरच्या किमतीच्या निम्मे मिळतात. रबर, प्लास्टिक आणि बॅटरीवर ५० टक्के घसारा, धातूच्या भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे : तीन ते चार वर्षांच्या गाडीला २५ टक्के, पाच ते दहा वर्षांच्या गाडीला ४० टक्के. वर १५०० सीसीपर्यंतच्या कारला एक हजार रुपये सक्तीची वजावट.

हिशेब मांडून पाहा. साडेतीन वर्षांची छोटी कार, एक टायर ६,०००, अलॉय रिम ८,०००, लोअर आर्म (चाकाला गाडीशी जोडणारा खालचा दांडा) ३,०००, मजुरी आणि अलाइनमेंट २,५००. एकूण १९,५००, जीएसटी बाजूला ठेवू. टायरचे ३,०००, रिमचे २,०००, आर्मचे ७५० आणि सक्तीचे १,००० असे ६,७५० रुपये मालकाच्या खिशातून जातात. शिवाय दावा केला की पुढच्या वर्षीचा नो क्लेम बोनस शून्यावर येतो. तो ३५ टक्के असेल आणि स्वतःच्या नुकसानीचा हप्ता ९,००० असेल तर आणखी ३,१५० गेले. म्हणजे विमा असूनही साधारण निम्मा भुर्दंड त्याच्यावर. झिरो डेप घेतले असेल तर घसारा वाचतो, बोनस तरीही जातो. आमची विनंती आहे की समितीने विम्यातून न मिळालेली ही रक्कमच दाव्याची मर्यादा धरावी. विमा कंपनीचे सेटलमेंट पत्र जोडले की आकडा सिद्ध होतो आणि एकाच नुकसानीचे पैसे दोनदा दिल्याची शंकाही राहत नाही.

खोटे दावे येतील, ही आपली भीती रास्त आहे. ती दूर करता येते, कारण खड्ड्याचा मार ओळखता येतो. फुटपाथच्या कडेला घासलेल्या रिमवर बाहेरच्या तोंडावर गोल खरवड असते. खड्ड्यात आदळलेल्या रिमची ओठासारखी कड आत दबते आणि बरेचदा आतल्या बाजूची कड बाहेरच्यापेक्षा जास्त वाकते. म्हणून चाक उतरवून आतून फोटो हवा. टायरच्या बगलेला फुगा येतो, कारण खड्ड्याची कड आणि रिम यांच्या चिमट्यात टायरच्या आतले धागे तुटतात आणि हवा रबराला बाहेर ढकलते. हा फुगा कधी कधी दोन-चार दिवसांनी दिसतो. म्हणून ‘त्याच दिवशी तक्रार केली नाही’ या कारणावर दावा फेटाळू नये, किमान पंधरा दिवसांची मुदत असावी. टायरच्या बगलेवरचा चार अंकी आकडा पाहिला की तो किती जुना हे कळते. २२२३ म्हणजे २०२३ चा २२ वा आठवडा. नक्षी १.६ मिमीपर्यंत झिजलेली असेल तर नव्या टायरची पूर्ण किंमत मागणे बरोबर नाही आणि दावा करणाऱ्याने ती मागूही नये.

दुचाकीत तीन गोष्टी बघायच्या. फोर्कच्या चकचकीत नळीवर तेलाचे कडे दिसले तर ऑइल सील गेली. गाडी मेन स्टँडवर घेऊन पुढचे चाक उचलले आणि हँडल डावी-उजवीकडे सावकाश फिरवताना मध्यभागी खटकन अडकले, तर कोनसेटला (हँडलच्या मानेतल्या बेअरिंगला) खड्डे पडले. आणि हँडल सरळ धरूनही गाडी एका बाजूला ओढत असेल तर फोर्क किंवा चासी वाकली आहे. ती गाडी आणखी चालवू नये, ‘दिसते तर ठीक’ म्हणून तर मुळीच नाही.

कारचे ऑइल चेंबर फुटले तर तिथल्या तिथे इंजिन बंद करायचे. तेलाचा लाल दिवा लागल्यावर ‘गॅरेज दोन किलोमीटरवरच आहे’ म्हणून गाडी नेली की इंजिन जाम होते. काही हजारांच्या चेंबरऐवजी लाखाच्या आसपासचे इंजिन अंगावर येते आणि विमा कंपनी ते नाकारते, कारण ते नुकसान खड्ड्याचे नसून नंतर चालवल्याचे धरले जाते. टोइंगची पावती जपून ठेवावी, तो खर्चही दाव्यात धरायला हवा.

गॅरेजवाल्यांनाही आमचे सांगणे आहे. कच्चे बिल देऊ नका. भाग वेगळे, मजुरी वेगळी, किलोमीटरचा आकडा आणि ‘खड्ड्यात आदळल्याने’ हे कारण असे पक्के बिल द्या. जुना भाग गिऱ्हाइकाला परत द्या, त्यावर गाडीचा क्रमांक मार्करने लिहून. अलाइनमेंटचे आधीचे आणि नंतरचे दोन्ही प्रिंटआउट द्या. आधीच्या प्रिंटमध्ये एकाच चाकाचा कोन बिघडलेला दिसला, तर तोच आदळल्याचा सर्वांत बोलका पुरावा असतो. सगळ्या चाकांचे कोन थोडे थोडे बिघडलेले असतील तर ती जुनी झीज.

ऑटो, ई-रिक्षा, डिलिव्हरीची दुचाकी, ही वाहने म्हणजे त्या दिवसाची रोजी आहे. गाडी दोन दिवस गॅरेजमध्ये उभी राहिली की दोन दिवसांची चूल अडते. या वाहनांसाठी दुरुस्तीच्या दिवसांचा ठरावीक दैनिक भत्ता समितीने मान्य करावा. गॅरेजच्या बिलावर गाडी आली-गेलीच्या तारखा असतातच.

आता दुरुस्तीबद्दल, कारण तोच खड्डा तीनदा उघडला तर तीन माणसे पडतात. नागपूरची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावरच्या रस्त्याला पाणी लागू न देणे हाच उपाय. खड्ड्यात गिट्टी-चुरी किंवा मलबा टाकून वरून डांबर शिंपडले तर पहिल्या सरीत चुरी वाहते आणि सुटी गिट्टी रस्त्यावर पसरते. त्या गिट्टीवर दुचाकी घसरते, म्हणजे बुजवलेला खड्डा उघड्या खड्ड्याइतकाच घातक. नीट पद्धत साधी आहे : खड्ड्याभोवतीचा सैल भाग चौकोनी कापून कडा उभ्या करायच्या, आतली धूळ आणि पाणी पूर्ण काढायचे, तळाला आणि चारही कडांना टॅक कोट (चिकटवणाऱ्या डांबराचा पातळ हात), मग थरांनी हॉटमिक्स (गरम डांबर-गिट्टीचे मिश्रण) आणि प्रत्येक थरावर प्लेट कॉम्पॅक्टर किंवा छोटा रोलर. वरचा थर रस्त्यापेक्षा चार-पाच मिमी उंच ठेवायचा, वाहतुकीने तो बसतो. मिश्रण प्लांटवरून निघून उशिरा पोचले आणि ९०-१०० अंशांच्या खाली गार झाले तर रोलर कितीही फिरवा, ते दबत नाही. भर पावसात हॉटमिक्सचा हट्ट नको. तिथे तयार कोल्ड मिक्स वापरावे आणि पाऊस उघडल्यावर ती जागा पुन्हा कापून पक्की करावी.

एक जागा मात्र खड्ड्यांच्या यादीत येतच नाही आणि आमच्या मते नागपुरात तिने फार माणसे पाडली आहेत : सिमेंट रोडची कड. सिमेंटचा स्लॅब संपतो, शेजारचे गट्टू खचतात आणि दोहोंमध्ये रस्त्याला समांतर लांब फट किंवा पायरी तयार होते. दुचाकीचे चाक तिरपे त्या पायरीवर चढताना घसरते, उतरताना फटीत अडकते. खोली कधी कधी जेमतेम चाळीस मिमी. डांबरी रस्त्यावर ती मध्यम खड्डा ठरली असती, इथे ती ‘खड्डा नाही’ म्हणून सुटते. रस्त्याच्या पातळीपेक्षा खाली बसलेली चेंबरची झाकणे आणि पाइपलाइन किंवा केबलसाठी खोदून नुसती माती लोटलेले चर, यांचेही तेच. समितीने खड्ड्याच्या व्याख्येत या तिन्हींचा लेखी समावेश करावा. खोदकामाचा चर असेल तर परवानगी कोणाला दिली होती हे मनपाच्या नोंदीतच असते, भरपाईची वसुली त्याच्याकडून व्हावी.

वसुलीचा विषय निघालाच आहे तर दोष दायित्व कालावधीबद्दल. नव्या रस्त्याचा ठेकेदार ठरावीक वर्षे स्वखर्चाने दुरुस्तीला बांधील असतो आणि त्याची सुरक्षा ठेव यंत्रणेकडे अडकलेली असते. त्या काळात पडलेला खड्डा मनपाच्या गँगने गुपचूप बुजवला तर ठेकेदार सुटतो आणि खर्च करदात्यावर येतो. म्हणून गँगला निघण्याआधी तो रस्ता दायित्वात आहे का हे कळायला हवे. नागरिकही १० रुपये शुल्काच्या माहिती अधिकार अर्जात कार्यादेश, दायित्वाची शेवटची तारीख, ठेकेदाराचे नाव आणि त्या तुकड्याच्या मोजमाप पुस्तिकेची प्रत मागू शकतात, तीस दिवसांत उत्तर मिळायला हवे. पण ही माहिती रस्त्याच्या सुरुवातीला फलकावर कायम लिहिलेली असेल, तर अर्जच कशाला लागेल?

शेवटी, मोजल्याशिवाय न बुजवण्याचा नियम पाळला जाण्यासाठी एक उपाय सुचवतो. खड्डे बुजवण्याच्या ठेक्यात अशी अट घाला की आधीचा, पट्टी-टेपसह काढलेला फोटो आणि नंतरचा फोटो, दोन्ही एकाच अक्षांश-रेखांशाचे नसतील तर त्या खड्ड्याचे देयक मंजूर होणार नाही. गँगकडे पिवळ्या रंगाचा स्प्रे द्या. खड्ड्याच्या बाजूला, शाबूत रस्त्यावर, नोंद क्रमांक रंगवा. तोच क्रमांक मोजणीच्या कागदावर, तोच देयकावर, तोच दाव्याच्या अर्जावर. तीन महिन्यांनी कोणी विचारले तर खड्डा नसला तरी त्याची नोंद सापडेल.

सोबत मोजणीच्या एकपानी कागदाचा नमुना जोडला आहे. त्यात रस्ता व पिलर / खांब क्रमांक, मालक यंत्रणा, दायित्वाची तारीख, तक्रार कळल्याची वेळ, खोली, रुंदी, वाहतुकीच्या दिशेची लांबी, कड, पाणी होते की नाही, बुजवण्याची पद्धत व वेळ, मोजणाऱ्याचे नाव व सही आणि तळाला नागरिकाला देण्याची फाडता येणारी पोच असे रकाने आहेत. पहिल्या बैठकीत तो समोर ठेवावा, त्यात आपल्याला योग्य वाटतील ते बदल करावेत आणि येत्या पावसाळ्याआधी दहाही झोनमधल्या गँगच्या हाती द्यावा, ही विनंती.

आपले,
नागपुरातील गॅरेज कारागीर, मोटार सर्व्हेअर, वकील आणि रस्ते अभियंते

सोबत : मोजणी कागदाचा नमुना, १ पान